स्लॅबवर पत्रा आणि हरवलेली वळचण

पावसाळी

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा जूनमधले तीन आठवडे रत्नागिरीत काढले. सकाळी कामाच्या मावशी आल्या की तासभर सुटका व्हायची, तेवढ्यात चालत थिबा पॉइंट गाठायचे. लोक तिथे खाडी बघायला येतात, भाट्याचा पूल, पलीकडचं सुरूबन. मला ह्या वेळी छपरांनीच धरून ठेवलं.

वरून बघितलं तर आपलं गाव तीन थरांचं दिसतं. सगळ्यात जुना थर कौलांचा, भिजून काळपट झालेला, माडांखाली दडलेला. दुसरा ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या स्लॅबचा, वर काळ्या टाक्या. आणि तिसरा थर ह्या दुसऱ्याच्या डोक्यावर बसलाय: निळा, हिरवा, लाल पत्रा. म्हणजे आधी उतरतं छप्पर मोडून सपाट स्लॅब घातला, मग पंधरा-वीस पावसाळ्यांनी हात टेकले आणि त्याच स्लॅबवर पुन्हा उतरतं छप्पर चढवलं. आजोबांचं म्हणणं नातवाने पत्र्यात मान्य केलं.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावाला सपाट छपराची हौस कुठून आली? माझा संशय मुंबईवर आहे. गावात स्लॅबचं घर म्हणजे मुलगा मुंबईत कमावतोय ह्याची पाटीच होती. पाटीला उतार देऊन कसं चालेल!

त्या पॉइंटच्या जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत करून देशाबाहेर काढलं, रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि त्याच्यासाठी हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. परक्या सरकारने परक्या राजासाठी बांधलेली वास्तू, पण छपराला उतार आहे. एक पावसाळा बघितला की कुणालाही कळतं, असं म्हणायला हरकत नव्हती, पण मग आपलं काय?

असो. पत्र्यावर माझा फार राग नाही. माझं दुखणं छपराच्या कडेचं आहे. आमच्या जुन्या घराचं छप्पर भिंतीच्या बाहेर चांगलं हातभर-दीड हात आलेलं होतं. पागोळ्यांनी अंगणात खळग्यांची एक सरळ रांग पाडलेली असायची. आजी त्या रांगेत हंडे, घंगाळं मांडून ठेवायची. त्या रांगेच्या आतली पट्टी कोरडी. तीच वळचण. कुत्रं तिथे, ओल्या चपला तिथे, सरपणाचा भारा तिथे, आणि पावसात सापडलेला वाटसरूही तिथेच. बाजारातही तसंच होतं. दुकानांच्या पडव्या एकीला एक लागून होत्या, भर जुलैत छत्री मिटून बरंच अंतर चालता यायचं. रस्ता रुंद झाला तेव्हा पहिल्यांदा पडव्याच गेल्या. दुकानं राहिली, त्यांच्यापुढची सावली गेली. आता शटर आणि गटार ह्यांच्यामध्ये उभं राहायला नऊ इंचांचा कठडा आहे.

नव्या इमारतींच्या भिंतींवर पाऊस थेट आपटतो. पश्चिमेच्या भिंती दुसऱ्याच वर्षी हिरव्या, चौथ्या वर्षी काळ्या. खिडकीवरचा छज्जा असा की चिमणीही भिजावी. म्हणून चार महिने खिडक्या बंद, आत ट्यूबलाइट, कपड्यांना कुबट वास. आणि वर जो पत्रा घालतात तो स्लॅबच्या कडेबरोबर बरोब्बर कापलेला! छप्पर परत आलं, वळचण काही परत आली नाही.

तुमच्या गावांत काय दिसतं? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांनी लिहा.

चिरेबंद

फार आवडलं. सावंतवाडीत मोती तलावाच्या आसपास अजून थोडी कौलं दिसतात, पण दर मे महिन्यात एक-दोन कमी झालेली असतात.

माझा राग प्लास्टरवर. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसाने केरळात हे बघून १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. तर ह्या सच्छिद्र दगडाची भिंत ओल घेते आणि सोडतेही. आपण तिच्यावर सिमेंटचं प्लास्टर थापतो आणि वरून चकचकीत रंग. आतली ओल आतच अडकते, रंगाला फोड येतात. मग ‘ओल मारते’ म्हणून दगडाला शिव्या. आमच्या शेजाऱ्यांनी कमाल केली. खऱ्या चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टर केलं, आणि त्यावर चिऱ्याचं चित्र असलेली टाइल लावली. मी दोनदा हात लावून बघून आलो.

साइटवरचा

मी तीस वर्षं लांजा-रत्नागिरी-संगमेश्वर पट्ट्यात बांधकामं करतोय, म्हणजे निम्मे गुन्हे माझेच समजा.

पावसाळीताई, स्लॅब सपाट असतो म्हणून गळतो हे अर्धंच खरं. पाण्याला वाट असली तर सपाट स्लॅबही टिकतो. पण होतं काय, कोबा करताना उतार नावालाच देतात, आंब्याचा पाला आउटलेटच्या तोंडात जाऊन बसतो, गच्चीचं तळं होतं. एवढ्यावर भागत नाही. किनाऱ्याजवळची हवाच खारट. त्यात एके काळी खाडीची रेती न धुता सर्रास वापरली. मीठ काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जागा मिळाली नाही की तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. छताचे पापुद्रे जेवणाच्या ताटात पडले अशा ज्या तक्रारी ऐकता, त्या ह्याच.

आयएस ४५६ ही आपली काँक्रीटची संहिता. तिच्या २००० च्या आवृत्तीत किनारी हवेत उघडं राहणाऱ्या काँक्रीटसाठी निदान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, लिहिलंय. साइटवर २० मिमी मिळालं तरी मी देवाला नारळ ठेवतो. कव्हर ब्लॉकच्या जागी हाताला लागेल तो खडीचा तुकडा असतो. माझ्याही साइटवर होता. आता नाही.

पत्र्याबद्दल मात्र मी त्याच्या बाजूने बोलणार. पत्रा आणि स्लॅब ह्यांच्यामध्ये वारा खेळतो, त्यामुळे मेमध्ये वरच्या मजल्यावर झोप लागते. आणि त्या पत्र्याखाली काय काय चालतं ते थिबा पॉइंटवरून दिसत नाही. आंब्याच्या पेट्या तिथे भरतात, आमसुलं तिथे वाळतात, बारशाची पंगत तिथे बसते, गणपतीच्या आरतीला आलेली सगळी आळी तिथे मावते. पावसाळ्यात पोरं तिथेच सायकल शिकतात. खळं जमिनीवरून उठून तिसऱ्या मजल्यावर गेलंय.

कडेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्याचं कारण सरळ आहे. बाल्कनी विकता येते, छज्जा विकता येत नाही.

चिपळूणचा बंड्या

लेख सुंदर आहे, पण मी २२ जुलै २०२१ ला स्लॅबवर होतो म्हणून आज हा प्रतिसाद लिहितोय.

पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. आमचं घर पेठेत, तळमजल्याला दुकान. फ्रीज आधी तरंगला, मग आडवा झाला, मग दिसेनासा झाला. आम्ही सात माणसं, शेजारची पाच आणि एक बोका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गच्चीवर त्याच निळ्या पत्र्याखाली. शेजारचं घर कौलारू. तिथल्या काकूंना त्यांच्या मुलाने पोटमाळ्यावर चढवलं, आतून कौलं काढली, वाशांमधून बाहेर ओढलं आणि आमच्या गच्चीवर घेतलं. कौलाचा तेवढा एक फायदा त्या दिवशी कळला, की ते आतून काढता येतं!

आमच्या भिंतीवर २००५ च्या २६ जुलैची रेघ आजोबांनी खडूने मारून नंतर रंगवून घेतली होती. २०२१ ची रेघ तिच्या वर आहे. आता प्रत्येक नवीन घर त्या रेघेकडे बघून बांधतात. खाली पार्किंग, वर माणसं.

ह्यात एक गोष्ट मात्र कुणी बघत नाही. रस्ता दर वेळी जुन्यावरच नवा थर टाकून करतात. माझ्या लहानपणी दुकानात शिरायला तीन पायऱ्या चढायचो. मग एक राहिली. मग सपाट. आता काही जुन्या दुकानांत उतरावं लागतं. पूर सोडाच, साधा दोन तासांचा पाऊस झाला तरी रस्त्याचं पाणी आत. जोतं तिथेच आहे, गाव वर गेलं. मग शेजारचा भरणी करून आपलं जोतं वाढवतो आणि त्याचं पाणी तुमच्याकडे येतं. छपरांवर जेवढं लिहिता तेवढं जोत्यांवर लिहा राव.

खळ्यातलो

आमच्या गावात आता कौलां परतूक माणूस गावणा नाय. पयले मे म्हयन्यात दोन गडी येयत आणि दोन दिसात घर शाकारून जायत. आता फोन करून करून माजो जीव गेलो. शेवटाक मी स्वता चढलंय आणि पाच कौलां फोडून खाली इलंय.

आणि वरसून वांदर. सकाळी सात वाजता टोळी येता, ह्या घरावयसून त्या घरावर उडी, की झाली आठ-धा कौलां खल्लास. तुमी वळचणीर निबंध लिवा, माका आदी वांदरांचो उपाय सांगा. बायल म्हणता पत्रे घाला. मी म्हणतंय, पत्र्यार वांदर नाचाक लागलो तर झोप लागतली काय?

दिवेआगरची सून

@खळ्यातलो, हसून हसून पुरेवाट. पण पत्रे घालायच्या आधी हे वाचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही माजघरात गोधड्या घेऊन बसलो होतो. आमची कौलं सुटी सुटी उडाली. आवाज असा की कुणी पत्त्यांचा कॅट पिसतंय. पण वासे, रिपा, आढं जागेवर राहिलं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा पत्रा मात्र लोखंडी अँगलसकट एका दमात उठला आणि आमच्या सुपारीच्या वाडीत येऊन पडला. पोफळी अशा कापल्या होत्या की विळ्याने कापाव्यात. अर्थात वाडीतलं बाकी जे वादळाने आडवं केलं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

पण पुढची गंमत ऐका. नंतर सगळ्यांना एकदमच छप्पर हवं होतं. कौलं मिळेनात, मिळाली तर चढवायला माणूस मिळेना. पाऊस दारात. मग ज्यांची कौलं उडाली त्यांनीही पत्रेच घातले, आम्हीही मागच्या बाजूला घातले. उडणारं छप्पर हेच आणि झटपट मिळणारंही हेच.

आमच्या वाचलेल्या कौलांमध्ये काही फार जुनी मंगलोरी निघाली, पाठीवर कारखान्याचा शिक्का असलेली. बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तिथून हे लोण आपल्याकडे आलं. त्याआधी नळीची कौलं नाहीतर गवत, झाप. म्हणजे ज्याला आपण ‘पारंपरिक कोकणी छप्पर’ म्हणतो तेही कधीतरी बाहेरून बोटीने आलेलं नवं फॅडच होतं. ही शिक्क्याची कौलं घ्यायला एक रिसॉर्टवाला दोनदा येऊन गेला. त्याला ती स्लॅबवर सिमेंटमध्ये चिकटवायची आहेत, फोटोत दिसतील अशी. मी विचारलं, गळत नाही का? म्हणाला, ‘ताई, खाली स्लॅब आहे ना.’

तिरकस

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून गावच्या वळचणीवर उसासे टाकणं सोपं असतं.

‘पावसात सापडलेला वाटसरू वळचणीला’ हे वाक्य वाचून थोडा वेळ थांबलो. कुठला वाटसरू? त्या घरांची रचना पुन्हा आठवा. खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. प्रत्येक पायरीवर एक जात थांबायची. कुळं खळ्यात. काही जण पडवीपर्यंत. ओटीवर बरोबरीचे. माझे आजोबा तुमच्या त्या वळचणीच्याही बाहेर, पागोळ्यांच्या पलीकडे, इरलं घेऊन उभे राहायचे, आणि मालक आतून विचारायचे काय काम आहे. त्याच रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी १९३१ मध्ये पतितपावन मंदिर बांधलं. सगळ्यांना आत जाता येईल असं देऊळ मुद्दाम नवीन बांधावं लागलं ह्यातच काय ते आलं.

आमचं घर झापांचं होतं. दरवर्षी नवे झाप विणा, शाकारा, आणि तरी आषाढात आई रात्रभर भांडी सरकवत बसायची. वडिलांनी मुंबईत गिरणीत राबून दोन खोल्यांचा स्लॅब घातला तो आमच्या वाडीतला पहिला. सपाट. त्याला वळचण नव्हती, पडवीही नव्हती. दार उघडलं की माणूस थेट घरात. येणाऱ्याला कुठे थांबवायचं हा प्रश्नच त्या घराने ठेवला नाही. पुढे पंधरा वर्षांनी तो गळला, पत्रा घातला, ठीक आहे. तेवढी पंधरा वर्षं आई झोपली.

पावसाळी

@तिरकस, उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

आमच्याकडे पागोळ्यांच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसांना पाणी वरून ओतून द्यायचे. मी बघितलंय, लहान होते पण बघितलंय. आजीच्या हंड्यांबद्दल लिहिताना ते आठवलं नव्हतं, की आठवायचं नव्हतं, मला खरंच सांगता येणार नाही. ‘सापडलेला वाटसरू’ हे वाक्य मी धाग्यातून काढत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद कशाला होता ते कळेल.

तरी बाजारातल्या पडव्यांपुरतं माझं म्हणणं टिकतं असं मला वाटतं. तिथे भाजीवाल्या बसायच्या, एसटीची वाट बघणारे उभे राहायचे, आणि दुकानदार हाकलायचा तोही गिऱ्हाईक आलं तरच. तो कोरडा पट्टा कुणा एकाचा नव्हता. आता भाजीवाल्या प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून बसतात.

@बंड्या, जोत्यांचं खरंच सुचलं नव्हतं. आज मुद्दाम बघितलं. आमच्या आळीतल्या तीन जुन्या घरांचे ओटे रस्त्याच्या पातळीला आलेत. एका ओट्यावर लोक स्कूटर चढवतात.

आता एक व्यवहाराचा प्रश्न, साइटवरच्यांना. आईच्या सोसायटीत गच्चीवर पत्रा घालायचा ठराव आलाय, रविवारी सभा आहे. तो कडेच्या बाहेर काढा असा आग्रह मी धरणार आहे. किती काढावा? आणि दिवेआगरच्या ताईंनी लिहिलं तसा उडणार नाही ना?

साइटवरचा

दोन ते अडीच फूट पुरे. त्याहून जास्त काढलात तर वारा खालून धरतो, कारण बाहेर आलेला भाग म्हणजे वाऱ्याला दिलेलं हँडल. उडतो तो बहुतेक कडेपासूनच. म्हणून कडेच्या रांगेत स्क्रू जवळजवळ मारायला सांगा, अँगल पॅरापेटच्या विटांत न खुपसता कॉलमवर अँकर बोल्टने बसवा, आणि दरवर्षी मेमध्ये कुणाला तरी वर चढवून स्क्रूचे वॉशर बघायला लावा. कौलं परतायचात तसंच समजा. खाऱ्या हवेत साधा स्क्रू फार टिकत नाही, चांगला गॅल्व्हनाइज्ड घ्या. नगरपरिषदेची परवानगी आधी.

आणि पन्हळ विसरू नका. तुमच्या पत्र्याचं पाणी शेजारच्या आवारात पडता कामा नये. पागोळ्या कुणाच्या हद्दीत पडतात ह्यावरून आपल्याकडे भाऊ भाऊ कोर्टात गेलेत, ती हौस सोसायट्यांनी चालू ठेवू नये. पाणी पाइपाने खाली विहिरीत सोडता आलं तर उत्तम.

चिरेबंद

पश्चिमेला जमल्यास तीन फूट काढा हो. पाऊस तिकडूनच येतो.

साइटवरचा

@चिरेबंद, वाराही तिकडूनच येतो.

खळ्यातलो

वांदरांचा कोणीच काय सांगूक नाय.

पावसाळी

सभा झाली. सव्वादोन तास.

पहिला तास पत्रा बाहेर काढायचा की नाही ह्यावर. तळमजल्याचे दुकानदार म्हणाले, आमच्या पाट्या झाकल्या जातील. त्यांना सांगितलं की पत्रा तिसऱ्या मजल्याच्या वर आहे, पाटी तळमजल्याला. ते म्हणाले, मग आम्हाला त्याचा उपयोग काय? ह्यावर मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही. तीन मजल्यांवरची वळचण खाली उभ्या राहिलेल्या माणसाला काय कोरडं ठेवणार! भिंती वाचतील, वरच्या खिडक्या उघड्या राहतील, एवढंच. शेवटी एका दुकानदारानेच सुचवलं की तळमजल्यावरही तीन फुटांची पत्र्याची पट्टी काढू, खर्च दुकानांचा. सेक्रेटरी म्हणाले, मग तिथे भाजीवाल्या येऊन बसतील. दुकानदार म्हणाला, बसू देत, त्यांच्यामागे गिऱ्हाईक येतं.

दुसरा तास रंगावर. आईसकट सहा जणांना लाल हवा होता, चौघांना हिरवा. निळा कुणालाच नको होता. ठराव लाल रंगाचा झाला. आज सकाळी पत्रेवाल्याचा फोन आला, लाल पंधरा दिवस मिळणार नाही, पाऊस वाढतोय, निळा तयार आहे.

निळाच येतोय.